तंदुरातलं इंजिन

ताडपत्रीच्या दोऱ्या गोठून कडक झाल्या होत्या. मेदिहाने त्या पान्याने ठोकून ठोकून सोडवल्या आणि ती बोटीत चढली. मार्च अर्धा सरला होता, तरी वान सरोवराच्या काठावर गुडघाभर बर्फ होता. तिच्या वडिलांची ‘तुर्ना’ ऑक्टोबरपासून लाकडी टेकूंवर उभी होती. महिन्याभरात समोरच्या बेटावर बदामाला बहर येणार, तो बघायला गाड्या भरभरून माणसं येणार. त्या दिवसांत जी बोट धक्क्यावर उभी असेल, तिचंच वर्ष निघतं.

तिने इंजिनावरची फळी उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.

नावेच्या तळाला गंजाच्या रंगाची बर्फाची लादी साचली होती. त्या लादीत रुपयाएवढं, बशीसारखं वाकलेलं एक पोलादी बूच रुतलं होतं. ते कुठलं, हे तिला विचारावं लागलं नाही. इंजिनाच्या कुशीत अशी तीन बुचं बसवलेली असतात. आतलं पाणी गोठून फुगलं की आधी ती बाहेर फेकली जातात. नशीब बरं असेल तर तेवढ्यावर निभावतं. तिने हातमोजा काढला आणि धुराड्याच्या नळीखालून इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकवर बोटं फिरवली. गार लोखंड, गार लोखंड, आणि मग नख अडकलं. चार बोटं लांब चीर होती.

“या खुदा,” ती म्हणाली, आणि तिथेच तळात बसली.

हे कसं झालं, तेच तिला कळेना. ऑक्टोबरमध्ये वडिलांना, वेयसी कप्तानांना, झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं, जीभ गेली. बोट काठावर ओढणं, थंडीआधी इंजिनातलं पाणी सोडणं हे सगळं तिच्या गळ्यात पडलं. न गोठणाऱ्या कूलंटचा खर्च परवडत नाही म्हणून त्यांच्याकडे थंडीत इंजिन कोरडं ठेवायची रीत. तिने खालची तोटी उघडली होती, पाणी आलं होतं, बारीक होत होत थांबलं होतं. संपलं, असं समजून ती घरी गेली होती.

आता तिने तीच तोटी पान्याने पूर्ण काढली. भोक कोरडं होतं. खिशातली तार सरळ करून तिने आत खुपसली. गंजाचा चिखल लगदा लगदा बाहेर आला आणि त्यामागून बर्फाळ पाणी टपकायला लागलं. अर्धं पाणी हिवाळाभर आतच होतं.

हातातल्या तारेकडे बघताना तिला एकदम ती संध्याकाळ आठवली. “बाबा, पाणी काढलं हं,” असं तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा वडील गादीवर उठून बसायला धडपडले होते. “ता… ता…” एवढंच तोंडातून निघत होतं. तिने धावत जाऊन ताक आणलं होतं. त्यांनी डाव्या हाताने पेला उडवून दिला, सगळं ताक गालिच्यावर सांडलं, आणि आई ओरडली होती, “आजारी माणसाला सारखं काय छळतेस!” दुखण्याने माणूस चिडका होतो, असं म्हणून तिने गालिचा पुसला होता.

ते तार मागत होते. तोटीत तार घाल, म्हणत होते.

ती घरी गेली ती थेट स्वयंपाकघरात. आईच्या, गुलिझारच्या, हातात पोळ्यांचं पीठ होतं. मेदिहाने सगळं हलक्या आवाजात सांगितलं.

“त्यांना कळू द्यायचं नाही,” आई लगेच म्हणाली. डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची भीती घातली होती. “रोज खिडकीशी बसून त्या बोटीकडे बघतात. तेवढ्यावरच जगतायत.”

“आणि इंजिन वाजलं नाही म्हणजे?”

“तोवर तू काहीतरी करशील,” आई म्हणाली, आणि पिठाकडे वळली.

काहीतरी करायचं म्हणजे काय, हे गावात फिरल्यावर मेदिहाला कळलं. नवं इंजिन हा विषयच नव्हता. जुना ब्लॉक शोधला तर त्याची किंमत अख्ख्या बोटीहून जास्त. धक्क्यावर तिचा चुलतभाऊ नेवझाद भेटला. त्याची स्वतःची बोट रंगून तयार होती.

“काय गं, तुर्नाने पोट फाडून घेतलं म्हणे?”

“तुला कोणी सांगितलं?”

“तळात गंजाचा बर्फ, आणि तुझं तोंड हे असं. सांगायला कोण लागतंय?” तो जवळ आला. “हे बघ, मेदो. लाकूड चांगलं आहे. सांगाडा मी घेतो, बरी किंमत देतो. काकांना सांगू, भाड्याने दिली.”

“बाबा अजून जिवंत आहेत, नेवझाद.”

“म्हणून तर म्हणतोय. ते गेल्यावर तुझ्याकडून घेतली तर लुटल्याचं पाप मला लागायचं.” तो हसला. ती हसली नाही, तसा तो खाली बघून म्हणाला, “बरं, ब्लॉक उचलायचा असेल तर हाक मार. एकटीने पाठ मोडून घेऊ नकोस.”

शहरातल्या कारखान्यांच्या गल्लीत फहरी उस्तादचं वेल्डिंगचं दुकान होतं. बोलायला हा माणूस भारी शेखीचा. आपण सांधलेला तुकडा आपल्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकतो, असं तो येईल त्याला ऐकवायचा. मेदिहाने फोनवरचा फोटो दाखवल्यावर मात्र त्याने चष्मा वर केला.

“बीड आहे हे, पोरी, ओतीव लोखंड. बिडाला गार अंगाने वेल्डिंग केलं तर आज सांधतं, उद्या शेजारी फुटतं. अख्खा ब्लॉक तापवायला हवा, सगळीकडून सारखा. मग चिरेत पितळ भरायचं. मग दोन दिवस राखेत निववायचा, हळूहळू. एवढी भट्टी माझ्याकडे नाही.”

“कोणाकडे आहे?”

“ज्याच्याकडे आहे, तो तुला परवडणार नाही.”

मेदिहा दुकानाच्या उंबऱ्यावर थांबली. बाहेर एक बाई डोक्यावर लवाशच्या पोळ्यांचा ढीग घेऊन चालली होती, त्यातून वाफ निघत होती.

“उस्ताद, तंदूर चालेल?”

“काय?”

“आमचा घरचा तंदूर. जमिनीत पुरलेला. तोंड एवढं रुंद.” तिने हात पसरून दाखवले. “कोकराचं अख्खं धूड उतरतं त्यात.”

फहरी उस्तादने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. त्याने फोटो पुन्हा जवळ धरून पाहिला. “चालेल की नाही, माहीत नाही,” शेवटी तो म्हणाला. तो असं म्हणाल्याचं त्या गल्लीत कोणी ऐकलं नसेल. “फुटला तर शिव्या द्यायच्या नाहीत. आणि जेवण तुमच्याकडे.”

खरी लढाई घरी होती.

“भाकरीच्या तंदुरात?” गुलिझारने हातातली शेणी खाली टाकली. “डिझेलने बरबटलेलं लोखंड? माझ्या सासूने त्याच्या कडेला बसून नमाज पढलाय, बाई! त्यातलं आपण खातो!”

“मी ब्लॉक सोड्याने धुऊन काढेन. तीनदा.”

“वास जाईल?”

“नाही गेला तर मी नवा तंदूर थापेन. माझ्या हाताने.”

“तू? तुला पोळी गोल लाटता येत नाही!”

 मेदिहा अंगणातल्या बर्फात उकिडवी बसली आणि तिने तोंड हातात झाकलं. आईने तिच्याकडे पाहिलं. मग टाकलेली शेणी उचलून म्हणाली, “जाळ मी करणार. तुझ्या उस्तादला सांग, माझ्या तंदुराला हात लावायचा नाही.”

पुढचे दिवस मेदिहा बोटीत वाकून इंजिन खोलत होती. डोकं काढलं, दट्टे काढले, खालची जाड दांडी काढली. प्रत्येक नट कापडात बांधून ठेवला. बोटं फुटली, त्यांतून रक्त यायचं, ते ग्रीसमध्ये मिसळायचं. घरी गेल्यावर वडील तिचे हात बघायचे आणि भुवया उंचावायचे. “साफ करतेय, बाबा. या वर्षी नीट साफ करतेय,” ती म्हणायची, आणि हात पाठीमागे घ्यायची.

वडील दुपारी झोपले तेव्हा नेवझाद आणि त्याचा मेहुणा ब्लॉक घसरगाडीवरून घरामागे घेऊन आले. तंदुराची खोली मागे स्वतंत्र, मातीची. छपराला धूर जायचं भोक, एकच दार. आईने पहाटेपासून शेण्या जाळून निखारे केले होते. तंदुराच्या तोंडाच्या थोडं खाली लोखंडी गज आडवे टाकले होते. चेनपुलीने ब्लॉक हळूहळू त्यांवर उतरवला, चीर वरच्या बाजूला ठेवून. आईने बाजूंनी शेण्या रचल्या आणि वर पत्रा ओढला. मग नेवझाद आणि मेहुणा बाहेर गेले. मेदिहा, आई आणि फहरी उस्ताद वाट बघत बसले.

लोखंड हळूहळू तापत होतं. फहरी उस्ताद मधूनच पत्रा सरकवून बघायचा. आई चिमूटभर पीठ ब्लॉकवर टाकायची; ते आधी नुसतं पडून राहिलं, मग पिवळं झालं, मग टाकताक्षणी काळं.

“आता,” उस्ताद म्हणाला. त्याने ओला नमदा, लोकरीचा जाड तुकडा, गुडघ्यांखाली घेतला, गॅसची ज्योत पेटवली. “दार लावा. गार वाऱ्याची एक झुळूकसुद्धा आली तर सगळी मेहनत गेली. कोणी यायचं नाही, कोणी जायचं नाही.”

त्याने चिरेवर टाकणखार भुरभुरला. तो फसफसला, वितळून काचेसारखा झाला. पितळेची कांडी ज्योतीखाली मऊ झाली आणि पहिला थेंब चिरेत उतरला. खोलीत श्वास घेणं कठीण झालं होतं. मेदिहाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. पुसायला हात उचलायची तिची हिंमत नव्हती. अर्धी चीर पिवळी झाली. मग त्याहून जास्त.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

“नको!” मेदिहा किंचाळली.

दार उघडलंच. वारा सपकन आत आला, निखारे लाल झाले, गॅसची ज्योत वाकली. उंबऱ्यात वेयसी कप्तान उभे होते, काठीवर रेलून, अंगात नुसता सदरा, पायांत मोजे. त्यांच्यामागे बर्फात ओढत आणलेल्या उजव्या पायाचा चर उमटला होता. झोपेतून उठून, वास घेत घेत, ते अंगण ओलांडून आले होते.

त्यांची नजर तंदुरात गेली. रोज ज्यातून भाकरी निघायची, त्यात त्यांचं इंजिन उलटं-पालटं पडलं होतं.

“दार!” फहरी उस्ताद मान न वळवता गरजला. “कोण आहे तो गाढव? दार लावा!”

मेदिहा उठायच्या आत वडील आत आले. त्यांनी डाव्या खांद्याने दार ढकलून बंद केलं. जुन्या दाराला खाली फट होती, तिच्यातून वारा शिट्टी वाजवत होता. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं, काठी टाकली आणि दाराला पाठ लावून खाली घसरत गेले. फट अंगाखाली झाकून बसले. शिट्टी थांबली. डाव्या हाताने त्यांनी उस्तादला खूण केली, चालू ठेव.

“बाबा, गारठाल…”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. राग असेल असं तिला वाटलं होतं. तिथे राग नव्हता; वादळात सुकाणू धरल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो झाला होता. गुलिझारने स्वतःची शाल काढून त्यांच्या पाठीमागे कोंबली आणि निखाऱ्यांकडे परत गेली.

उस्तादने शेवटचा थेंब सोडला, ज्योत विझवली आणि ब्लॉकवर राख ओढली. वर पत्रा, पत्र्यावर माती. “परवा सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला. मग दारातल्या माणसाला ओळखून कानकोंडा झाला. “माफ करा, कप्तान. गाढव तुम्हाला नव्हतो म्हणत.”

वेयसी कप्तानांच्या तोंडाचा जिवंत कोपरा वर गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

जेवून उस्ताद गेला. मेदिहा वडिलांसमोर बसली. “माझ्यामुळे झालं, बाबा. तुम्ही तार म्हणत होतात. मला कळलं नाही.” त्यांनी मान हलवली, हो म्हणाले की नाही, तिला समजलं नाही. डावा हात मात्र तिच्या फुटलेल्या बोटांवर बराच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती राखेजवळ बसली असताना आतून आवाज आला. टण्ण. बारीक, स्वच्छ, घंटेसारखा.

ती उडालीच. “फुटला! आई, फुटला!” ती माती उकरायला धावली. गुलिझारने तिचं मनगट पकडलं.

“उघडलास तर नक्की फुटेल.”

“फुटलाच असेल तर?”

“तर उद्याही फुटलेलाच असेल. बस खाली!”

ती बसली. अन्नाला तोंड लावलं नाही, आणि दुसरा टण्ण येतो का, ते ऐकत राहिली. आला नाही.

राख काढली तेव्हा ब्लॉक कोमट होता. चिरेवर पितळेची पिवळी पट्टी होती, ओबडधोबड, पण एकसंध. मेदिहाने भिंग घेऊन इंच इंच पाहिलं. काही दिसलं नाही. पाणी भरून ठेवलं, थेंब पडला नाही. तरी तो टण्ण तिच्या कानात होता. इंजिन जोडताना, नवी बुचं ठोकताना, प्रत्येक नट आवळताना तो होता.

तुर्ना पाण्यात उतरली तोवर बेटावरचे बदाम फुलले होते. पहिल्या गाड्या आल्या, आणि त्यांची माणसं नेवझादच्या बोटीतून गेली. धक्क्यावरच्या बोटवाल्यांच्या संघाने सांगितलं, आधी चालवून दाखवा, मग पाळी. मेदिहा एकटी चाचणीला निघाली, तर वडील काठी टेकत धक्क्यावर येऊन उभे. आईने हात वर केले. “मी थकले. घेऊन जा.”

इंजिनाने दोनदा खोकून तिसऱ्यांदा आवाज धरला. वेयसी कप्तानांनी डोळे मिटले. सरोवर शांत होतं. अर्ध्या वाटेपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा जागेवर होता, पट्टी कोरडी होती, आणि मेदिहाने पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

बेटाजवळ आर्तोस डोंगरावरून वारा उतरला. लाटा उंच झाल्या. तिने वेग वाढवला आणि काटा सरकला. थोडा, मग आणखी. तिने फळी उचलून आत वाकून पाहिलं. पट्टीच्या टोकापलीकडे, केसाएवढ्या रेषेतून, वाफेचा फवारा उडत होता. त्या टण्णचा अर्थ आता तिला कळला.

“बाबा, गळतंय!”

इंजिन बंद केलं तर वारा त्यांना बेटाच्या खडकांवर नेऊन घालणार. चालू ठेवलं तर उरलं पाणीही जाणार, आणि मग सगळंच जाणार. सरोवराचं पाणी सोड्याचं. आत घातलं तर नुसता फेस. पिण्याच्या पाण्याचा एकच डबा होता. आणि इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आता उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर.

वडील उठले होते. त्यांनी सुकाणूवरचा तिचा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या डाव्या हातात दांडा घेतला. बोटीचं नाक वाऱ्यात वळवलं. हनुवटीने वेगाची कळ दाखवली. खाली. तिने वेग उतरवला. बोट जागच्या जागी धडपडत राहिली, पुढे जाईना, पण मागेही जाईना. खडक इतके जवळ होते की त्यांवरचं शेवाळ दिसत होतं.

मग त्यांनी दांडा काखेत धरला आणि हवेत मूठ फिरवून दाखवली. अर्धा वळसा, बस. पुन्हा अर्धा वळसा, आणि बोटं पसरली.

“झाकण? सैल करू? काढायचं नाही?”

मान जोरात हलली. हो.

तिने गोणपाट भिजवून झाकणावर टाकलं, तोंड फिरवलं आणि अर्धा वळसा दिला. वाफ फुसकारून गोणपाटातून बाहेर आली, तिचं मनगट भाजलं. तिने सोडलं नाही. फुसकारा कमी कमी होत गेला. आत दाबच उरला नाही, तसा चिरेचा फवाराही पडला. थेंब थेंब राहिला. तिने डब्यातलं पाणी घोट घोट करून ओतलं, तापलेलं लोखंड एकदम गार पडू नये म्हणून. काटा थांबला. मग मागे यायला लागला.

“चला,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

मंद वेगाने, वाऱ्याला तिरकस घेत, झाकण सैल ठेवून ते परत आले. वाटेत वडिलांनी दांडा तिला दिला नाही, आणि तिने मागितलाही नाही. धक्क्यावर नेवझादने दोर झेलला. त्याने तिचं मनगट पाहिलं, इंजिनातून येणारी वाफ पाहिली, आणि कुठलाही विनोद केला नाही.

फहरी उस्ताद दुसऱ्या दिवशी आला. केसाएवढ्या चिरेच्या टोकाला त्याने बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळणार नाही, आणि चिरेत तांब्याचे स्क्रू एकमेकांना खेटून आवळत ठोकून टाकले. “हे आता नातवाच्या लग्नापर्यंत,” असं म्हणाला आणि मग तिच्याकडे बघून पुढे म्हणाला, “निदान या हंगामापर्यंत.”

बदामांचा बहर निम्मा सरल्यावर तुर्नाला पाळी मिळाली. त्या पहिल्या फेरीला सुकाणूवर मेदिहा होती. वेयसी कप्तान इंजिनाच्या फळीवर बसले होते आणि चढणारी माणसं त्यांना ओलांडून जात होती. एका बाईने विचारलं, “किती वेळ लागतो हो बेटावर जायला?”

“आज जरा हळू जाणार आहोत,” मेदिहा म्हणाली, आणि दोर सोडायला नेवझादला हाक मारली.